बावखलातलं गोडं पाणी

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

नालासोपारा स्टेशनवर उतरून पश्चिमेला बाहेर पडलात, तर पहिली दहा मिनिटं समुद्र जवळ आहे असं तुम्हाला वाटणारच नाही. रिक्षांची रांग, फरसाणाची आणि मोबाइलची दुकानं, एकमेकींना खेटून उभ्या इमारती. पण निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागा. सोपारा गाव मागे पडलं की रस्ता एकदम हिरव्या सावलीत शिरतो. नारळाच्या आणि केळीच्या वाड्या दिसू लागतात. एका अंगणात क्रूस, तर पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन. गास, उमराळे, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नाळे, वाटार, राजोडी, कळंब अशी गावं एकामागून एक येतात. या सात-आठ किलोमीटरच्या अंतरात आमच्या भागाची सगळी गोष्ट सामावलेली आहे. आणि ती गोष्ट पाण्याची आहे.

मी इथे १९८९ साली राहायला आलो. गिरगावातली पागडीची खोली सोडली आणि सोपारा गावाला लागून झालेल्या एका वसाहतीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. सहा इमारती, मध्ये एक मोकळी जागा, तिच्यात एक बोअरवेल. गिरगावात पहाटे दोन तास नळ यायचा, इथे बटण दाबलं की पाणी. आमचं कुटुंब हरखून गेलं. दोन उन्हाळे तसे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात साबणाला फेस येईना, तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच लागू लागली, आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचू लागला. पाणी चाखलं तर मचूळ. मग सोसायटीने टँकर सुरू केला. दर घरी महिन्याला वर्गणी ठरली आणि प्रश्न सुटला, असं आम्हाला वाटलं.

आमच्या फाटकाशी सकाळी भाजी घेऊन एक मावशी बसत. गास गावच्या. लाल लुगडं, कानात जुन्या घडणीचे सोन्याचे दागिने. आमच्याशी बोलताना त्या शुद्ध मराठी बोलत आणि शेजारच्या फुलवालीशी सामवेदी बोलीत बोलत. त्यातलं मला निम्मंही कळत नसे. वांगी, मुळा, माठ, वेलची केळी असं त्यांच्याकडे असायचं. एका सकाळी टँकर आत वळताना त्या म्हणाल्या, "मास्तर, हे पाणी कुठलं माहीत आहे का तुम्हाला? माझ्या शेजाऱ्याच्या विहिरीचं. त्याने दोन मोटारी बसवल्या आहेत. माझ्या केळीची पानं कडेने करपायला लागली."

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. भूजल या विषयावर दरवर्षी दोन तासिका घेत होतो. पण माझ्या बादलीतलं पाणी आणि मावशींच्या केळीचं पान यांचा संबंध मला त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता, हे कबूल करायला हवं.

त्या रविवारी मी त्यांच्या वाडीत गेलो. वाडीच्या मधोमध एक तळं होतं. तळं म्हणावं तर फार लहान, विहीर म्हणावं तर फार मोठं. बांधीव कठडा नाही, कातीव दगड नाही. चारी बाजूंनी जमीन उतरत उतरत पाण्यापर्यंत गेलेली. काठावर भेंडीचं झाड, पाण्यावर शेवाळाची पातळ साय, आणि एका बाजूला बसकी पायवाट. "हे आमचं बावखल," मावशी म्हणाल्या. "माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीचं."

बाव म्हणजे विहीर, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बावखल म्हणजे उतरत्या काठांचं, खोलगट असं विहीर-तळं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत अशी बावखलं पूर्वी जागोजागी होती. बरीचशी खासगी, एकेका घराची किंवा तीन-चार भावकींची मिळून. ती विहिरीसारखी सरळ खाली का खणली नाहीत? कारण इथली जमीन रेताड आहे. सरळ खड्डा खणला तर कडा ढासळतात. म्हणून जुन्या लोकांनी जमीन लांबून उतरती करत नेली आणि पाणी लागलं तिथे हात थांबवला. निघालेली माती आजूबाजूच्या सखल जागी टाकून वाडीची पातळी उंचावली. एका कामात दोन कामं झाली.

आता या भागाची ठेवण थोडी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. त्यांच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे यावं तर मध्ये सखल खारपाटाचा पट्टा लागतो. मिठागरं इथलीच, आणि रेल्वेचे रूळही याच पट्ट्यातून गेलेले. त्याच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत किंचित उंच, रेताड जमीन. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. पूर्वी या दोन्हींना जोडणारं खाडीचं पाणी मधून वाहत होतं आणि पोर्तुगीजांच्या काळात वसईचा हा भाग बेटच होता. म्हणजे आमच्या गावांच्या तिन्ही-चारही बाजूंना खारं पाणी. आणि मध्ये केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा! हे कसं काय?

याचं उत्तर पावसात आहे. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला एक हिस्सा रेतीतून झिरपून खाली जातो आणि तिथे आधीच असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. शाळेत मी हा प्रयोग करून दाखवायचो, तुम्हीही घरी करून बघा. पेल्यात अर्ध्यापर्यंत मिठाचं दाट पाणी घ्या. दुसऱ्या वाटीत साध्या पाण्यात कुंकवाचा रंग कालवा. मग पेल्यात चमचा आडवा धरून त्याच्यावरून हे रंगीत पाणी अगदी हळू सोडा. रंगीत पाणी वर राहील, खालचं पांढरंच राहील. आमच्या गावांखाली नेमकं हेच आहे. मधोमध जाड आणि समुद्राकडे, खाडीकडे पातळ होत गेलेली गोड्या पाण्याची एक प्रचंड मसुराची डाळ जणू खाऱ्या पाण्यावर ठेवलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका डच अभियंत्याने आणि नंतर एका जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे या डाळीचा हिशेब मांडला. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा साधारण चाळिसाव्या हिश्शाने जास्त असते. म्हणून जमिनीतलं गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर सपाटीच्या खाली ते सुमारे चाळीस फूट जातं. ऐकायला किती छान! पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फुटाने कायमची खाली आणली, तर खालून खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकायला लागतं. शिवाय मोटार जिथे ओढते, तिथे ते बरोबर तिच्याखाली उंचवट्यासारखं वर येतं. आमच्या वसाहतीची बोअरवेल खोल नेलेली होती, म्हणजे आम्ही डाळीच्या तळाशीच नळी लावून बसलो होतो. पाणी मचूळ झालं नसतं तरच नवल.

बावखलाची युक्ती आता ध्यानात येईल. ते उथळ आणि पसरट असतं. ते गोड्या पाण्याची फक्त वरची साय काढतं, तळाला हात लावत नाही. त्यावर पूर्वी रहाट असायचा. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाटातून पाणी वाडीत जायचं. त्यातलं बरंचसं रेतीतून पुन्हा खाली झिरपायचं. आणि जनावर किती वेळ फिरणार? ते दमलं की उपसा थांबला. रात्रभरात पाणी पुन्हा भरून यायचं. रहाटाला वेळापत्रक होतं ते जनावराच्या छातीचं. मोटारीला छाती नाही, तिला फक्त विजेचं बिल आहे.

हे ज्ञान कोणी कागदावर लिहून ठेवलेलं नाही. मात्र पाण्याची सोय हा इथला जुनाच विषय आहे. सोपारा म्हणजे शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं गाजलेलं बंदर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या 'बुरूड राजाचा कोट' नावाच्या टेकाडात खोदून बौद्ध स्तूप उजेडात आणला. आत एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो भाटेळा नावाच्या तलावाजवळ. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावात सापडला. आता हे दोन्ही तुकडे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. रस्त्यांवर विहिरी खणल्याचा उल्लेख अशोकाच्या दुसऱ्या लेखात आहे. नेमका तोच इथे अजून सापडलेला नाही.

त्याची उणीव नाशिकच्या लेण्यांतल्या एका लेखाने भरून काढली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा, तलाव आणि विहिरी केल्या, असं त्यात कोरलेलं आहे. शूर्पारकाच्या रामतीर्थाचं नाव त्यात आहे आणि नारळीच्या झाडांचं दानही आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या दानपत्रातले तलाव आणि नारळी मी रोज दूध आणायला जाताना बघतो, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. मुलं हसायची. सोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव आणि निर्मळचा तलाव अजून आहेत. निर्मळला कार्तिकात मोठी जत्रा भरते, तिथे वाळवलेल्या राजेळी केळ्यांची सुकेळी विकायला येतात. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांनी एकदा खाऊन बघावीत. मधासारखा चिकट गोडवा असतो, आणि तो सगळा या रेतीतल्या पाण्याचा आहे.

पुन्हा टँकरकडे येतो. मावशींच्या गावातली कुरबुर ही एकट्या गावाची नव्हती. वसई तालुका मुंबईच्या लोकलने बांधला गेला आणि गिरगाव, परळ, दादरहून आमच्यासारखी हजारो कुटुंबं स्वस्त घरांसाठी इकडे आली. घरं आधी झाली, पाणी नंतर शोधू, असा सगळा कारभार. मधली तहान गावांच्या विहिरींनी भागवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली जे आंदोलन उभं केलं, त्याच्या मुळाशी हिरवा पट्टा आणि हा पाण्याचा उपसा होता. मोर्च्यांत लाल लुगड्यातल्या बायका पुढे असत. दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ साली त्यांचं निधन झालं. लेखक म्हणून लोक त्यांना ओळखतात ते योग्यच आहे. आमच्या भागात मात्र त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं आधी विहिरींबद्दल बोलतात.

आंदोलनाच्या त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी मावशींची गोष्ट सांगितली. एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मग आम्ही प्यायचं काय? केळीचं पान?" त्यांचंही चूक नव्हतं. चौथ्या मजल्यावर त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. टँकर चालू राहिला. मी वर्गणी भरत राहिलो. दुसऱ्या वर्षी मावशींनी ती केळी काढून टाकली आणि तिथे नारळ लावले. नारळ थोडं खारं सोसतो. पण केळीचं उत्पन्न वर्षाला हाती येतं, नारळाला पाच-सात वर्षं वाट बघावी लागते. त्या सात वर्षांत मावशींनी भाजीत काय काय भागवलं असेल, ते मी विचारलं नाही.

पुढे सूर्या नदीवरच्या धरणाचं पाणी नळाने आलं आणि आमचा टँकर सुटला. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. त्या वेळी पश्चिमेच्या अनेक गावांनी आम्हाला पालिकेत नको म्हणून मोठा लढा दिला. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली होती. धरणाचं पाणी आलं, म्हणजे विहिरींवरचा भार कमी झाला, म्हणजे आता सगळं ठीक होणार, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. पाण्यासाठी बावखलाची गरज उरली नाही, तेव्हा ते लोकांना नुसता खड्डा दिसू लागलं. वाडीत मुलासाठी बंगला बांधायचा आहे, रस्ता रुंद करायचा आहे, गाडी लावायची आहे. टाका त्यात दोन-चार ट्रक डेब्रिज. ज्यांनी बुजवली नाहीत त्यांची बावखलं जलपर्णीने आणि प्लास्टिकने आपोआप भरली.

त्याचा हिशेब पावसाने मागितला. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, आणि आमच्या वसाहतीच्या तळमजल्यात दोन दिवस गुडघाभर पाणी होतं. या पुराला कारणं बरीच आहेत. खारपाटावरचा भराव हे मोठं कारण, नाल्यांची झालेली गटारं हे दुसरं. बावखलं असती तर पूर आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक भेटतात, त्यांचा उत्साह मला आवडतो पण गणित पटत नाही. मात्र एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. मावशींच्या वाडीत बावखल काठोकाठ भरलं होतं आणि त्यांच्या ओटीवर पाणी नव्हतं. पलीकडे ज्यांनी बावखल बुजवून फरशी घातली होती, त्यांच्या घरात चुलीपर्यंत पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात बावखल दोन कामं करतं: आलेलं पाणी थोडा वेळ धरून ठेवतं, आणि सावकाश खाली सोडून त्या मसुराच्या डाळीत भर घालतं. डांबर आणि फरशी यातलं एकही काम करत नाही.

मावशी तीन वर्षांपूर्वी गेल्या. बावखल त्यांच्या मुलाच्या आणि दोन पुतण्यांच्या नावावर आहे. एका पुतण्याला ते भरून विकायचं होतं. मुलाला नको होतं. मी त्या घरचा कोणी नाही, पण वयाने मोठा म्हणून दोघांनी मला बोलावलं. पुतण्याचं म्हणणं मी ऐकलं. त्याची मुलगी नर्सिंग शिकते आहे, फी मोठी आहे, वाडीतून आता काही मिळत नाही. "मास्तर, तुमच्या लोकांनी ब्लॉक घेतले, भाव वाढवले, आणि आता आम्ही खड्डे सांभाळत बसायचं?" त्याने मला तोंडावर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त त्याला आमच्या बोअरवेलचं पाणी एका बाटलीत आणि बावखलाचं दुसऱ्या बाटलीत भरून दिलं आणि चाखायला सांगितलं. आमची बोअरवेल गेली कित्येक वर्षं बंद आहे, म्हणजे तिचा उपसा नाही, तरी तिचं पाणी अजून मचूळ आहे. खारं पाणी वर यायला दोन-तीन उन्हाळे लागतात, खाली जायला किती पावसाळे लागतील ते मी सांगू शकत नाही. त्याने दोन्ही चाखली आणि काही न बोलता गेला.

व्यवहार अजून झालेला नाही. होणारच नाही असंही नाही. गेली काही वर्षं या गावांतली तरुण मुलं उन्हाळ्यात एकेक बावखल उपसतात, गाळ काढतात, प्लास्टिक वेचतात. गेल्या मे महिन्यात ती मावशींच्या वाडीत आली होती. गाळातून तुटक्या गाडग्यांच्या खापऱ्या निघाल्या. रहाटाच्या असणार. एका मुलाने खिशातलं छोटं यंत्र काढून पाण्यातले क्षार मोजले. आकडा आमच्या बोअरवेलच्या चौथाईपेक्षा कमी होता. मोजणारा मुलगा आमच्याच वसाहतीतल्या दुसऱ्या इमारतीत राहतो. पुतण्या काठावर उभा होता. थोड्या वेळाने त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घमेलं घेतलं आणि खाली उतरला.